आल्बिनाचा पुरा जबडा

कोवारिकांच्या स्वयंपाकघराची बाहेरची भिंत येणाऱ्याजाणाऱ्याला दात दाखवते. एमिलने ती लग्नाच्या वर्षी बांधली, तेव्हा आल्बिनाने नाल्यात सापडलेला पहिला अर्धा जबडा ओल्या सिमेंटात दाबून बसवला. पुढे दरसाल बर्फ वितळून पांढऱ्या मातीचे कडे ढासळले, की गुरं बघताबघता ती दातही शोधायची. हे दात ज्यांचे, ती मेंढीएवढी, पाला चघळणारी जनावरं लाखो वर्षांपूर्वीच नामशेष झाली. पण नेब्रास्काच्या या टोकाला त्यांचे अर्धे जबडे पैशाला पासरी. पुरा जबडा मात्र आल्बिनाला सत्तरी आली तरी मिळाला नव्हता.

यंदा त्याच नाल्यात एक उजवा अर्धा हाती लागला. मागून दुसरी दाढ कोपऱ्यात फुटलेली. भिंतीतल्या त्या पहिल्या, डाव्या अर्ध्याचीही तीच दाढ तशीच फुटलेली!

"एमिल, हा त्याचाच जोडीदार!"

"दर वर्षी हेच म्हणतेस."

"थांब, दाखवतेच."

भिंतीतल्या जबड्याची हनुवटी खिडकीच्या चौकटीला जवळजवळ टेकली होती. नवा तुकडा मध्ये शिरेना. आल्बिना घरात गेली. कोलाचे नावाचे गोड भरलेले पाव करायला कणीक फुगत ठेवली होती, तिचा गोळा पिठात घोळवून तिने फटीतून भिंतीतल्या हाडाच्या मोडलेल्या टोकावर दाबला. गोळ्यावर एक उंचवटा उमटला, त्याला बारीकशी खाच. नव्या हाडाच्या टोकाला हुबेहूब तोच उंचवटा, तीच खाच.

एमिलने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "खरंच की गं!"

आल्बिनाची नजर चौकटीवर गेली. भिंतीतलं हाड उकरलं तर भुगा होणार. आणि चौकट ओकची, एमिलने स्वतः कोरलेली. तिला तो खिळासुद्धा ठोकू देत नसे. मागायचं कुठल्या तोंडाने?

एमिल गोठ्याकडे गेला आणि पहार घेऊन आला.

"अरे, तुझी चौकट!"

"चौकट मी पुन्हा करीन. तुझं जनावर कोण पुन्हा करणार? सिमेंट कालव."

संध्याकाळी दोन्ही अर्धे हनुवटीला हनुवटी लावून बसले. आल्बिना उभी राहून नुसती हसत होती. उमटलेला गोळाही तिने जर्दाळू भरून भाजला होता. एमिलने तोच उचलला.

"याला जबडा आधीच लागलाय. मला चावायचे कष्ट नकोत."

शेजारची लोरेटा बघायला आली. "खिडकीची एक बाजू गेली की रे, एमिल!"

"जाऊ दे. या घरात आता पुरे जबडे दोन. भिंतीतला गप्प बसतो, एवढाच फरक."

आल्बिनाने पिठाच्या हातानेच त्याच्या पाठीत धपाटा घातला.