त्रेपन्नचे दोन दगड

आमच्या भागात त्या रस्त्याला तीन नावं होती. बेळगावात तो पी. बी. रोड, म्हणजे पुणे-बेंगळूर रोड. त्यातला पी कशाचा आणि बी कशाचा हे निम्म्या गावाला सांगता आलं नसतं, पण पत्ता सांगताना पी. बी. रोड म्हटल्याशिवाय कुणाचं भागत नसे. निपाणी-बोरगावकडे तो नुसता हायवे. आणि बांधकाम खात्याच्या आमच्या ऑफिसात तो एनएच चार.

साहेबांच्या खुर्चीमागे राज्याचा मोठा नकाशा होता. त्यावर लाल रेघा आणि प्रत्येक रेघेवर गोलात आकडा. चार नंबर आमचा. चार-ए बेळगावातून फुटून खानापूरवरून गोव्याला उतरणारा. समुद्राच्या कडेनं सतरा, मंगळूरला अठ्ठेचाळीस, पलीकडे कुठंतरी सात. साहेब जागेवर नसले की मी त्या नकाशासमोर उभा राही. ज्या रस्त्याच्या रुंदीकरणावर माझ्या आईनं पाटीपाटीनं खडी टाकली होती, त्याला दिल्लीत कुणीतरी आकडा दिलाय याचं मला फार अप्रूप वाटे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “नंबर दिल्यात व्हय? बरं झालं. खड्डं कोण भरणार हाय त्ये इचार.”

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. डिप्लोमा करून मी निपाणीच्या ऑफिसात ओव्हरसीअर म्हणून लागलो होतो. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेला मी पहिलाच, त्यामुळं आईनं बेळगावात भेटेल त्याला “आमचा पोरगा रोडचा सायेब हाय” म्हणून सांगून ठेवलं होतं. खुर्ची मात्र अजून पक्की नव्हती. दोन वर्षं उमेदवारीची, आणि त्यात कानडीची खात्याची परीक्षा. कानडी बोलायला मला काहीच अडचण नव्हती, गल्लीत खेळताखेळताच ते आलं होतं. वाचायला बसलो की घाम फुटे. अर्जात मात्र ‘लिहिता, वाचता, बोलता येते’ या तिन्हींपुढं मी बिनधास्त खूण करून टाकली होती. परीक्षेला वेळ आहे, तोवर शिकून घेऊ, असा माझा हिशेब. शिकलो काहीच नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन पुस्तक उघडायचं आणि पहिल्या पानावरच पेंगायचं, हा नेम मी कधी चुकवला नाही.

त्या वर्षी कडेचे दगड नव्यानं रंगवायचं काम निघालं. किलोमीटर येऊन इतकी वर्षं झाली तरी लोक त्यांना मैलाचे दगडच म्हणत. वरची टोपी पिवळी, खाली पांढरं, त्यावर काळ्या रंगात गावाचं नाव आणि अंतर. नाव एका दगडावर कानडीत, पुढच्यावर हिंदीत, त्यापुढच्यावर इंग्रजीत. आकडे सगळीकडे इंग्रजी. संकेश्वर ते कणगला हा तुकडा माझ्याकडे आला आणि रंगवायला एक पेंटर. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणू लागलो.

अण्णा तेव्हा पन्नाशीचे असतील. तंबाखूच्या वखारींवरच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, विड्यांच्या दुकानांचे बोर्ड, निपाणीत जिथं बघावं तिथं त्यांचा हात दिसे. खात्याचं कामही वीसेक वर्षं त्यांच्याकडेच होतं. दगडापुढं पोतं अंथरून मांडी घालायची, रॉकेलमध्ये ब्रश धुऊन धोतराच्या सोग्याला पुसायचा, आणि श्वास रोखून रेघ ओढायची. दोरी लावायला नको की पट्टी नको. मराठी पाटी कानडी पाटी यावरून आमच्या भागात डोकी फुटत होती त्या दिवसांत अण्णा तिन्ही लिप्या सारख्याच देखण्या काढत. मला त्याचं कौतुक होतं. त्याचं कारण कळलं ते आठवड्याभरानं.

आमची पद्धत अशी होती. मी आधी खडूनं दगडावर अक्षरं काढायची, मागून अण्णांनी त्यावर ब्रश फिरवायचा. अण्णांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “तुमी खडूनं काढून ठेवा, धाकलं सायेब. म्हंजे जागंचा अंदाज येतोय.” मला ते पटलं. एके दिवशी रॉकेल संपत आलं होतं. मी सायकलवरून पुढं निघायच्या घाईत होतो, खिशात कागद नव्हता, म्हणून दगडाच्या कोऱ्या बाजूला खडूनं लिहून ठेवलं: रॉकेल आणणे. म्हटलं, अण्णा बघतील आणि येतायेता आणतील. दोन तासांनी परत आलो तर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चारच्या दगडावर झोकदार काळ्या अक्षरांत, मात्रांना वर छान बाक देऊन, ‘रॉकेल आणणे’ रंगवलेलं.

मी पोट धरून हसलो. अण्णाही हसले, पण त्यांना कशाचं हसू येतंय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानात आलं तसं माझं हसू थांबलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग ब्रश रॉकेलात बुडवून शांतपणे म्हणाले, “कुणाला सांगू नकासा.”

त्यांना कुठलीच लिपी येत नव्हती. गिऱ्हाईक कागदावर लिहून देई, अण्णा चित्र उतरवल्यासारखं उतरवत. पेंटरला वाचता येत नसेल ही शंका कुणाला येणार? मी शब्द दिला. पांढरा हात मारून आम्ही ते रॉकेल पुसलं आणि त्यानंतर मी खडूनं फक्त कामाचंच लिहीत गेलो.

आता माझी करामत. अंतरांची यादी साहेबांनी स्वतःच्या हातानं एका चिठ्ठीवर कानडीत लिहून दिली होती, आकडेसुद्धा कानडी. कानडी सहा हा आपल्या मराठी तीनसारखा दिसतो. त्यात साहेबांचं अक्षर घाईचं, त्यांचे तीन आणि सहा सख्खे भाऊ. यादी सलग नव्हती, जे दगड मोडके होते तेवढ्यांचीच होती, त्यामुळं कागदावर मागचापुढचा मेळ लागत नव्हता, आणि रस्त्यावरचे शेजारचे दगड बघून घ्यायचं मला सुचलं नाही. कुणाला तरी विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. पण विचारलं की ओव्हरसीअरला कानडी आकडे येत नाहीत हे जगजाहीर. मी ‘बेळगाव ५३’ म्हणून एका दगडावर खडूनं काढलं, आणि बेळगावकडून येताना तीन किलोमीटर पुढच्या, छप्पन्नच्या दगडावरही तेच काढलं. अण्णांनी दोन्ही एकासारखे एक रंगवले.

महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बेंगळूरहून आलेले मोठे साहेब जीपनं निपाणीकडून बेळगावला निघाले. त्यांना दगड वाचत जायची सवय असावी. बेळगाव त्रेपन्न. तीन किलोमीटर गेले, पुन्हा बेळगाव त्रेपन्न. त्यांनी ड्रायव्हरला गाडी उलटी घ्यायला लावली आणि दोन्ही दगड उतरून बघितले. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांना फोन आला. टेबलावरचं काम सोडून सगळं ऑफिस कान देऊन होतं.

साहेबांनी अण्णांना बोलावून घेतलं. मी शेजारीच उभा होतो. साहेब माणूस वाईट नव्हता, पण वरून बोलणी खाल्लेला. कानडीत म्हणाले, “छप्पन्नच्या जागी त्रेपन्न कुणी घातलं? चिठ्ठी कुणी वाचली?”

त्या क्षणी मी काय केलं ते सांगतो. मी नकाशाकडं बघितलं. चार नंबरची लाल रेघ डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत चालत गेलो, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, धारवाड, आणि मनात एवढंच होतं की आता खुर्ची गेली, आणि आईला काय सांगू.

अण्णा म्हणाले, “मीच वाचलो, सायेब.”

आमच्या बेळगावकडची ही बोलायची रीत. मी भाकरी खाल्लो, मी चिठ्ठी वाचलो. शाळेतले पुण्याकडचे गुरुजी त्यावरून आम्हाला छड्या मारत: अरे, चिठ्ठी वाचली म्हण, वाचलो म्हणजे जीव वाचला! त्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर जीव वाचला तो माझा. एक अक्षर न येणारा माणूस मीच वाचलो म्हणत होता, आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेला सबंध ऑफिसात मी एकटा होतो.

“नीट वाचता येत नाही काय तुला?” साहेब ओरडले.

“चुकलं सायेब,” अण्णा म्हणाले. “नदरंचा दोष.”

साहेबांनी दगडांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. अण्णा बाहेर पडले, सायकलला ब्रशांची पिशवी अडकवली आणि गेले. मी मागोमाग धावलो नाही. तोंड उघडलं नाही. संध्याकाळी त्यांच्या घराच्या रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो. मला लाज वाटत होती, आणि सुटल्याचा आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची जास्त लाज वाटत होती.

त्यानंतर मात्र कानडीचं पुस्तक धरून बसलो. सहा महिन्यांत परीक्षा पास झालो, पुढच्या उन्हाळ्यात खुर्ची पक्की झाल्याचा कागद आला. आईनं वस्तीत पेढे वाटले. मला एकही पेढा गिळवेना. सोमवारी ऑफिसात गेलो तो सरळ साहेबांपुढं उभा राहिलो आणि कानडीतच बोललो, घरून पाठ करून आणल्यासारखं. म्हणालो, ती चिठ्ठी मी वाचली होती. सहाला तीन समजलो. अण्णांचा काही दोष नाही, त्यांना तर वाचताच येत नाही.

साहेबांनी समोरची फाइल मिटली. रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत.

“वाचता येत नाही?” ते म्हणाले. “अजिबात?”

“नाही.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “परवाच मी त्याला निरोप धाडणार होतो. नव्या पेंटरचा हात बरा नाही. म्हटलं, एकदा चुकला, चुकतो माणूस. पण वाचताच येत नसेल तर आता कसं बोलावू? उद्या वरून विचारलं तर काय सांगू?”

मी तसाच बाहेर आलो. खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं लोक म्हणतात, माझं झालं नाही.

संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो. दारातच एका विड्यांच्या दुकानाचा बोर्ड भिंतीला टेकवून ते ‘श्री’ काढत बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, खरंच झाला. आत चहाला सांगितलं, पोतं झटकून दिलं, नोकरी पक्की झाली का विचारलं. झाली म्हटल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. पाचही बोटांना लाल रंग होता, तो माझ्या सदऱ्याला लागला. “झालं की मग,” म्हणाले. “माझं काय, पाट्या हाईतच. चुकीचं वाचतोय म्हणालं सायेब, म्हणूंदेत. जन्मात पैल्यांदा कोण मला वाचतोय म्हणालं.”

मग मी सांगितलं. साहेबांना सगळं खरं सांगून आलो, चिठ्ठी मीच वाचली होती, तुम्हाला वाचता येत नाही हेही सांगितलं. भरभर सांगितलं, शाबासकी मिळायची असल्यासारखं, आणि आवाज चढला होता.

अण्णांचा ब्रश हवेतच राहिला. ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या मागं घराच्या दाराकडं बघत होते. आत कपबश्यांचा आवाज चालला होता तो थांबला होता.

“हळू बोला, धाकलं सायेब,” ते म्हणाले. “सून हाय आत. तिला ठावं न्हाय.”