तीन टाक्यांची हौसाक्का

कुठलंही नाव पसंत करण्याआधी हौसाक्का ते मोठ्यानं हाक मारून बघायच्या. माझं ऑफिस सांगलीतल्या एका गजबजलेल्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. धंद्याच्या नावाची, चिन्हाची नोंदणी करून देणं हे माझं काम. पहिल्याच भेटीत त्यांच्या सुनेनं, सुवर्णानं, वहीतलं एक नाव वाचून दाखवलं. तशा या साठीच्या बाई उठून गॅलरीत गेल्या, तोंडाशी हात धरला आणि खाली हाळी दिली, "रॉयल वूऽऽलन!"

रिक्षावाले माना वर करून बघायला लागले. हौसाक्का शांतपणे आत येऊन बसल्या.

"न्हाई जमायचं. ह्या हाकंला एक बी मेंढरू वळायचं न्हाई."

"माणसं तर वळली, आक्का," मी म्हणालो.

"माणसं काय, कशाला बी वळत्यात!"

त्या कवठे महांकाळकडच्या एका धनगर वस्तीवरच्या. निम्मं आयुष्य कळपामागं चालण्यात गेलेलं. नवरा वारल्यावर मेंढरं धाकट्या दिरानं, दामूअण्णांनी, सांभाळायला घेतली आणि आक्कांनी वस्तीवरच्या नऊ बायका जमवून विकत आणलेल्या लोकरीचं सूत कातायला सुरुवात केली. गावातले दोन विणकर त्याची घोंगडी विणून द्यायचे. आता साताऱ्याचा एक दुकानदार थंडीच्या हंगामाचा सगळा माल उचलायला तयार झाला होता. बाजारात गिरणीच्या धाग्याची घोंगडी खपवणारे बरेच झालेले, म्हणून त्याची अट एकच होती. मालावर स्वतःचं नाव हवं आणि त्याच्या नोंदणीचा अर्ज दिवाळीआधी झालेला हवा. नाही जमलं तर तो दुसरीकडून माल घेणार होता. नऊ घरांचा हिवाळा त्या एका नावावर अडला होता.

'अस्सल', 'काळी', 'लोकरीची' असले शब्द मालाचं वर्णन करतात, ते कुणा एकाच्या मालकीचे होत नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "म्हंजी गायरान. समद्यांनी चरायचं, कुंपण कुणी घालायचं न्हाई." इतक्या वर्षांत हा मुद्दा इतका नेमका मला कुणाला सांगता आला नव्हता.

सुवर्णानं मग देवाचं नाव सुचवलं. आक्का जवळजवळ रागावल्याच. "घोंगड्यावर माणूस बसतंय, पाय देतंय. देवाच्या नावावर पाय द्यायचा व्हय गं?"

तिसऱ्या भेटीत मलाच एक कल्पना सुचली. बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं की प्रत्येक घराण्याची मेंढरं कानाच्या कापावरून ओळखतात. त्यांच्या घराची खूण कानाच्या टोकाला दुहेरी कापाची. मी कागदावर ती काढली. साधी, ठसठशीत, बाजारात दुसऱ्या कुणाचीही नसलेली. मी खूश होऊन म्हणालो, "आक्का, ही कुणीच नोंदवलेली नाही. अर्ज आपण आज टाकू."

त्यांनी कागद हातात धरला. बराच वेळ बघितलं. मग टेबलावर पालथा ठेवला.

"आता मेंढरं दामूची हाईत. खूण बी त्येचीच. त्येला इचारल्याबिगर कशी घ्यू?"

"कायद्यानं अडचण येईल असं वाटत नाही."

"कायद्यानं न्हाई येणार. पर दुसऱ्याच्या कळपाची खूण लावणाऱ्याला आमच्यात काय म्हंत्यात, ठाऊक हाय का दादा तुमास्नी?"

त्या दामूअण्णांना विचारायला गेल्या आणि नकार घेऊन आल्या. "बायकांच्या धंद्याला घराण्याची खूण न्हाई मिळायची," असं अण्णांनी चारचौघांत सुनावलं होतं. हे सांगताना सुवर्णाचे डोळे भरून आले. आक्का एवढंच म्हणाल्या, "न्हाई म्हणायचा त्येला हक्क हाय." दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

त्याच आठवड्यात सांगलीत बचतगटांचं प्रदर्शन होतं. मी सहज आक्कांच्या गटाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. आष्ट्याचा एक म्हातारा शेतकरी आला. त्यानं ना पोत बघितला, ना भाव विचारला. एकामागून एक घोंगड्यांचे कोपरे उलटून बघू लागला.

"काय बघताय आजोबा?" मी विचारलं.

"तांबडं टाकं. थोरल्या पोराकडं हाय तसलं घोंगडं. तीन टाक्याचं. दुसरं नगं मला."

मी कोपरा हातात घेतला. काळ्या लोकरीवर लाल सुताचे तीन आडवे टाके. घोंगडं कोपऱ्यातून आधी उसवतं, म्हणून आक्का प्रत्येक नग स्वतः तपासायच्या आणि पसंत पडला तरच तिथं हे टाके घालायच्या. गेली सहा वर्षं. त्यांच्या लेखी ते निव्वळ काम होतं, म्हणून मला सांगावंसं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"आक्का, गिऱ्हाइकानं तुमचं नाव केव्हाच ठेवलंय," मी म्हणालो. त्या आधी हसल्या, मग पदरानं तोंड पुसत बसल्या. 'तिनटाकी' हे नाव आणि ते तीन टाके, असा अर्ज दिवाळीच्या आठ दिवस आधी गेला. साताऱ्याला मालही गेला.

वर्षभरानं एक फेटेवाले गृहस्थ ऑफिसात आले. "मी दामू. हौसावैनीचा दीर." आमच्या अर्जावर हरकत घ्यायला आले असतील असं वाटून मी सावध झालो. पण ते खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते.

"सायेब, आमच्या लोकरीला भाव न्हाई ऱ्हायला. वैनी माजी लोकर घील का? तिच्या टाक्याखाली? मला तोंड न्हाई इचारायला."

मी तिथूनच आक्कांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. सगळं सांगितलं. अण्णा खाली मान घालून बसले होते. आक्का जुना हिशेब काढतील असं मला वाटलं, आणि काढला असता तर तो त्यांचा हक्कच होता.

"हाय का तितं दामू?" फोनमधून आवाज आला. "घीन की. पर मागल्या साली बाजारात बघितली, तुज्या लोकरीत नुसती कुसळं हुती. मेंढरं धुऊन मग कातर. न्हाईतर टाका घालायची न्हाई, आदीच सांगते."

"व्हय, वैनी," अण्णा म्हणाले. त्या महिन्यात कालव्याला पाणी आलं, तेव्हा साठीला टेकलेल्या दामूअण्णांनी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोनशे मेंढरं एकेक करून धुतली.