केकमध्ये उतरलेला फास्टबॉल

माझ्या हातून सुटलेला बॉल दहीहंडीला न लागता पलीकडच्या बार्बेक्यू पिटपाशी, कुणा चिनी आजोबांच्या वाढदिवसाच्या केकमध्ये जाऊन बसला. अगदी मधोमध. इतका अचूक बॉल मी कॉलेजातही टाकला नव्हता.

सिंगापुरातल्या आमच्या कॉन्डोत माणसांवर माणसं चढवायला मनाई आहे. म्हणून सेम्बावांगमधली आम्ही मोजकी मराठी घरं स्विमिंग पूलशेजारी डोक्याच्या थोडी वर हंडी टांगतो आणि लांबून बॉल मारून फोडतो. गोविंदा जमिनीवर, विमा शाबूत. एरवी पोरंच हा पराक्रम करतात. यंदा मी मुलीचा सॉफ्टबॉल घेऊन स्वतःच पुढे झालो, कारण घरी पैज लागली होती.

मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर, म्हणजे बॉल टाकणारी आहे, तीही राखीव बाकावरची. मोठ्या स्पर्धेच्या संघातून ती वगळली गेली आणि सोमवारी कोचला भेटून खेळ सोडणार, असं तिने जेवताना जाहीर केलं. मी लगेच माझी गोष्ट काढली. पुण्यात आमच्या कॉलेजात क्रिकेटच्या संघात जागा न मिळालेली मुलं बेसबॉल खेळत. सामन्याला प्रेक्षक म्हणजे दोन्हीकडचे राखीव खेळाडू आणि एक चहावाला. त्या अफाट गर्दीचा मी लाडका पिचर होतो. अमेरिकेतल्या मेजर लीगने मला बोलावलं नाही, यात नुकसान अर्थात मेजर लीगचं. आमच्या घरी ही गोष्ट नेहमी आंतरमहाविद्यालयीन फायनलच्या विजयापाशी संपते. पुढे हार्बरफ्रंटला जहाजांच्या कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळणारा एक जाडा माणूस सुरू होतो.

मुलीने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, हेच नवल. मग मी म्हणालो, एका फेकीत हंडी फोडली तर तू खेळ सोडायचा नाहीस.

"कॅन," ती म्हणाली, म्हणजे चालेल. सिंगापुरात वाढलेली पोरं करार एका शब्दात करतात.

तर, केक. मी गोपाळकाल्याचं पातेलं घेऊन माफी मागायला गेलो, मुलगी मागोमाग. आजोबांनी क्रीममधून बॉल उपसून काढला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पूर्वी खेळायचात का, असं विचारलं. मी हो म्हणताच ते जे हसले, त्याला माफी म्हणायला हरकत नाही. काला मात्र त्यांनी ठेवून घेतला.

परत येताना मुलगी बॉल माझ्या नव्या सदऱ्याला पुसत म्हणाली, "बाबा, त्या फायनलनंतर स्टेटच्या टीममध्ये तुझं सिलेक्शन झालंच नव्हतं ना?"

"नाही."

"मग सोडलंस?"

"नाही गं. रोज जायचो. ज्यांचं झालं होतं, त्यांना बॅटिंगच्या सरावाला बॉल टाकायचो. कॉलेज संपेपर्यंत."

"कशाला पण?"

"बॉल हातातून सुटला की बरं वाटायचं," मी म्हणालो. हंडी शेवटी आमच्या मराठी गटाच्या सेक्रेटरींनी मॉपच्या दांड्याने फोडली. पैज मी रीतसर हरलो होतो.

संध्याकाळी मी सोफ्यावर उजवा हात डाव्या हाताने उचलून इकडून तिकडे ठेवत होतो. बायको बामची बाटली घेऊन आली.

"तिने बॉल धुऊन सोमवारच्या सरावाच्या बॅगेत भरलाय," ती म्हणाली. "तू सदरा काढ. आणि यापुढे ती फायनल नको सांगूस. इतकी वर्षं ऐकतेय, त्यानंतरचं तिने आज सांगितलं, ते जास्त बरं आहे."