मागच्या सीटची पाठ

लांबच्या प्रवासाची मोटरसायकल बुक करताना कारखान्यातूनच काय बसवून हवं, असं शोरूमवाल्यानं विचारलं. मी उंच काच आणि सामानाच्या पेट्या सांगितल्या. मागच्या सीटला टेकायची पाठ मात्र नको म्हणालो. गाडीचं रूप बिघडतं. शेजारी बसलेली आई म्हणाली, "व्हय रं, पेट्यांना जागा हाय, मी कुटं टेकू?" मी ओशाळलो आणि पाठ घेतली.

गाडी आली तशी नऊवारीतली आई दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसली. आमच्या गावी, कुरवंड्यात, बायका जमल्यावर म्हणाली, "लेकानं माज्यासाटी कारखान्यातनंच पाठ बसवून आणली!" खरं सांगायला मी तोंड उघडलं. तिनं मागून खांदा दाबला. "चल, वरच्या आळीला दाखवायचीय अजून."