पाऱ्यानं पांढरी केलेली अंगठी

परवा ताप मोजायची नळी फुटली आणि पाऱ्याचे मणी फरशीवर पळाले. नात वेचायला वाकली, तसा मी ओरडलो, "हात लावू नगंस!" मी शाळेत फार टिकलो न्हाई, पण एवढं शिकलोय.

इंग्रज असताना साताऱ्याच्या शाळेत हवेचा दाब दाखवायला मास्तरांनी पारा काढला. "अंगठ्या काढा रं," म्हणाले. माझ्या बाकावरचा बापू, नुकतंच लगीन झालेला, अडला. "सासऱ्यानं घातलीय. न्हाई काढायची." त्यानं पारा तळहातावर खेळवला आणि बघता बघता अंगठी राखेसारखी पांढरी पडली. घासली तरी सोनं दिसेना. "आता सासरी काय सांगू?"

पारा आमी सगळ्यांनीच हाताळला होता, मास्तरांनीसुद्धा. पण सगळ्यांचं लक्ष अंगठीवर. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि आमी हात न धुता तसेच भाकरी खायला बसलो.