माझी बाजू

आय टेपरेकॉर्डरसमोर बसली की ओरडायची. "मस्कत लांब हाय गो," म्हणायची. आय म्हणजे माझी सासू. तिचा मुलगा, माझे मालक, मस्कतला कामाला होते. आमच्या घरात लिहिणं बेताचंच, म्हणून कॅसेटवर बोलणं भरून तिकडे जाणाऱ्याकडे द्यायचो. त्यांचीही तशीच यायची.

कोरी कॅसेट आयला पटत नसे. "आपलंच बोलनं, त्याला नवी कशाला?" मग मी तुर्भ्याच्या एका दुकानातल्या स्वस्ताच्या खोक्यातून कुणाला नको असलेली आणायची.

त्या वर्षी सात महिने त्यांचं काहीच आलं नव्हतं. त्यांनी तिकडेच दुसरं घर केलं, अशी आमच्या गावात, नावड्यात, कुजबुज होती. ते कानावर आलं की आय भाकरी जोरात थापायची.

तेव्हाच खोक्यात एक इंग्रजी कॅसेट मिळाली. पुसण्याआधी लावून पाहिली. एक बाई आणि एक गिटार. शब्द कळेना, पण दाराआड बसून कुणी स्वतःशीच बोलावं तसं हळू गाणं. निवडायचे तांदूळ सुपातच राहिले.

अशा कॅसेटच्या कडेच्या भोकावर चिकटपट्टी लावल्याशिवाय भरायचं बटण दबत नाही. भोकं दोन, प्रत्येक बाजूचं एक. मी पट्टी एकावरच लावली.

शेजारचा दामू त्या दुपारी मस्कतला निघाला होता. आयने तिची बाजू भरली. "सुकट धाडलीय. मागची भिंत परली. ये रे आता!" मग कॅसेट उलटून म्हणाली, "तू बोल. आज तरी बोल." एरवी मी 'बरी आहे' म्हणून गप्प व्हायची.

बटण दबेना.

"आये, गाडी थांबलीय! देतेस का जाऊ?" दामू दारातून ओरडला.

आयने कॅसेट काढून भोकं पाहिली. "इसरलीस?"

"हो." मी खोटंच सांगितलं.

तिने कॅसेट परत घालून लावून पाहिली, तर त्या बाईचं गाणं. दामू बाहेर हाका मारत होता, आय मान खाली घालून ऐकत होती.

"तुझ्यावानीच बोलते ही. हलू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. त्याला समजंल." आणि कॅसेट दामूच्या हातात दिली.

तीन महिन्यांनी ते स्वतःच आले. ती कॅसेट बॅगेत होती.

"मी वरडली म्हनून आला," आय गावभर सांगत राहिली. शेवटच्या दुखण्यात तिला बरं वाटावं म्हणून मी त्याच कॅसेटवरचं तिचं बोलणं लावायला गेले, तर तिने हात धरला.

"माझी नको. तुझी बाजू लाव गो."