लीलाबाईंचा पेशंट

लीलाबाई, तुमच्यावर लिहितेय म्हटल्यावर तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, फोटो कुठला छापणार. फोटो छापणार नाही. छापलाच तर साहेबरावांचा, कारण त्या दिवशी खाटेवर ते पडून होते, तुम्ही नव्हे. आजारी माणूस सांभाळायला काय काय यावं लागतं यावर भाषणं पुष्कळ झाली. भोगलं त्यांनी, म्हणून त्यांच्या बाजूनं सांगते. मधे बोलू नका.

मार्गासनीचे साहेबराव म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तब्येत ठणठणीत. मोडलेली होती ती फक्त चष्म्याची काडी. त्यांच्या बायकोचं, म्हणजे लीलाबाईंचं, शिक्षण दहावी आणि आवाज दोन वावरं ओलांडून जाणारा. नसरापूरला पेशंट सांभाळायचा कोर्स निघाला, तेव्हा दहावी पुरली आणि आवाजाचं कुणी विचारलं नाही. कोर्स पास झाल्या की भोरच्या एका वृद्धाश्रमात नोकरी नक्की होती. जन्मातली पहिली, स्वतःच्या नावावरची.

वर्गात शिकायला एक प्लॅस्टिकची बाहुली होती. तिला कुशीवर वळवताना लीलाबाईंनी तिचा हात खांद्यातून उपटला. शिकवणाऱ्या रश्मी मॅडम म्हणाल्या, "मावशी, माणसाचा हात असा परत बसवता येत नाही." त्यामुळे शेवटची परीक्षा घरी येऊन, जिवंत माणसावर घ्यायची ठरली. माणूस धडधाकट चालेल, पण त्यानं अंथरुणाला खिळल्यासारखं पडून राहायचं. त्याला कुशीवर वळवायचं, न उठवता चादर बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, हळू बोलायचं आणि त्यानं न सांगता त्याला काय हवंय ते ओळखायचं.

घरात जिवंत माणूस एकच होता. साहेबरावांनी आढेवेढे घेतले आणि मग अट घातली, की भोरला जाशील तेव्हा चष्म्याला काडी बसवून आण. लीलाबाईंनी चष्मा तिथल्या तिथं पर्समध्ये टाकला. "आणते की. त्यात काय."

सराव सुरू झाला आणि साहेबरावांना तो आवडला. लग्न झाल्यापासून बायकोनं त्यांना कधी चमच्यानं भरवलं नव्हतं. ते डोळे मिटून पेज गिळत आणि मीठ कमी असलं तर कण्हत. चूक एवढीच झाली की दार उघडं राहिलं. शेजारीण विरजण मागायला आली आणि तिनं पाहिलं, घाटात गाडी चालवलेला माणूस भर दुपारी आडवा पडून पेज पितोय. ती विरजण न घेताच माघारी गेली. तिच्या हातात मोबाईल होता.

परीक्षेच्या दिवशी रश्मी मॅडम येऊन बसल्या, लीलाबाईंनी हात धुतले, आणि दारात एक टेम्पो थांबला. टेम्पोतून भाटघरची भावकी उतरली. सगळ्यांच्या पुढं साहेबरावांची धाकटी बहीण तारामती.

आपल्याकडं आजारी माणसाला बघायला गेलं नाही, तर ते पुढच्या पिढीच्या लग्नात काढतात. गेलं की उशाशी बसायचं, कसं झालं ते विचारायचं आणि अशाच दुखण्यानं गेलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगायची. तारामती भाताची लावणी अर्धी टाकून आली होती. खरं सांगायला लीलाबाईंनी तोंड उघडलं, पण नणंदेच्या पोटऱ्यांना वाळलेला चिखल पाहून मिटलं. ह्यांना जरा अशक्तपणा आहे, एवढंच त्या बोलल्या.

साहेबरावांना चष्म्याविना माणसं दिसत नव्हती, फक्त रंग दिसत होते. आवाज मात्र सगळे कळले. एकजण म्हणाला, डावी बाजू गेलेली दिसते. दुसऱ्यानं सांगितलं की माणूस पहिल्यापासून तापट, कधीतरी हे होणारच होतं. तिसऱ्यानं वरच्या वावराचा विषय काढला, जीभ चालतेय तोवर वाटण्या झालेल्या बऱ्या. हे ऐकून साहेबरावांचा पाय उडाला, तर चौथा हळहळला की असे झटके शेवटी शेवटी येतात.

आणि प्रत्येकानं शहाळं आणलेलं. ज्याचं शहाळं त्यानंच आपल्या हातानं पाजलं, नाहीतर त्याला वाईट वाटलं असतं.

थोड्या वेळानं व्हायचं तेच झालं. साहेबरावांना उठून जाता येईना, कारण ते अंथरुणाला खिळलेले. तोंडानं सांगता येईना, कारण उशाशी धाकटी बहीण. इकडं लीलाबाई चादर बदलत होत्या आणि सगळी भावकी त्यांना चादर कशी बदलायची ते सांगत होती. रश्मी मॅडम लिहीत होत्या.

तेवढ्यात लीलाबाईंना चादरीखाली अंगठा दिसला. साहेबरावांच्या उजव्या पायाचा अंगठा गोल गोल फिरत होता. घाटात गाडी अडकली आणि उतरायची सोय नसली की तो असाच फिरायचा, हे त्यांनी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून कैकदा पाहिलं होतं. त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलल्या.

"लई लागलीय का?"

साहेबरावांनी डोळे मिटले.

आता माणसं बाहेर काढायची तर आवाज चढवावा लागणार, आणि आवाज चढवला तर नोकरी हातची जाणार. लीलाबाईंनी एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा अंगठ्याकडं.

"समद्यांनी भाईर व्हा. पेशंट बघून झाला."

कुणी हललं नाही. तारामती म्हणाली, "वयनी, म्या सख्खी भईण हाय."

"सख्खी हाईस म्हणून आधी तू ऊठ."

सगळे उठले. लीलाबाईंनी कडी घातली आणि भांडं आणलं. साहेबरावांनी भांड्याकडं पाहिलं, मॅडमच्या रंगाकडं पाहिलं, चादर भिरकावली आणि मागच्या दारानं ते सुटले.

संडास परड्याच्या टोकाला होता. आणि बाहेर काढलेली सगळी भावकी परड्यातच उभी होती.

भावकीनं वाट दिली. साहेबराव आत गेले. मग तारामतीनं डोळ्याला पदर लावला. आतापातूर खिळलेला माणूस वयनीनं कडी लावून उभा केला, नुसता उभा न्हाई, पळवला. साहेबराव बाहेर आले तेव्हा ती त्यांच्या गळ्यात पडली आणि भावकीनं लीलाबाईंना जयभीम घातला. लीलाबाई त्या दिवशी दुसऱ्यांदा हळू बोलल्या, म्हणजे बोलल्याच नाहीत.

मॅडमनी वही मिटली. आवाजाचे मार्क सगळे कापलेत, ओळखण्याचे सगळे दिलेत, मावशी पास.

आता लीलाबाई रोज सकाळच्या एसटीनं भोरला जातात. वेल्ह्याकडून फोन येतात, आमच्या आजोबांनाही जरा कडी लावून बघा म्हणून. त्या ओरडून फोन ठेवतात. पेज कुणी भरवत नाही. साहेबराव आपला चहा आपण करतात, साखर म्हणून कधी मीठ टाकतात. संध्याकाळी ते चष्म्याचं विचारतात आणि त्या म्हणतात, दमून आलेय, उद्या.

परवा त्यांनी एसटी समजून दुधाच्या टेम्पोला हात केला. हयात ड्रायव्हिंगमध्ये गेलेला माणूस. चष्मा तुमच्या पर्समध्येच आहे, लीलाबाई, आणि चष्म्याचं दुकान तुमच्या वृद्धाश्रमाच्या समोर.